पाचव्या ‘का’चं उत्तर

रिपोर्ट चार पानांचा होता आणि तिसऱ्या पानावर त्या बाईचा फोटो होता. निरंजनला फोटोची अपेक्षा नव्हती. चाकणच्या त्या प्लॅस्टिकच्या कारखान्यात त्याला अकरा वर्षं झाली होती आणि असले रिपोर्ट त्याने शेकड्यांनी वाचले होते, शेकड्यांनी लिहिलेही होते. त्यांत ओरखड्यांचे फोटो असतात, तडकलेल्या भागांचे असतात, बाण काढून लाल गोल केलेले असतात. माणसाचा फोटो कुणी घालत नाही. साचा बनवून देणाऱ्या चीनवाल्यांनी घातला होता. ओळखपत्रावर असतो तसा समोरून काढलेला, निळा शर्ट, केस मागे घट्ट बांधलेले. खाली नाव, तान. वय, बावन्न. काम, पॉलिशिंग. आणि त्याखाली, जिथे उपाययोजना लिहायची असते त्या चौकटीत, एकच ओळ होती: सदर कामगारास कामावरून दूर केले आहे.  

या रिपोर्टांची रीत अशी की काही बिघडलं की पाच वेळा ‘का’ विचारायचं. म्हणजे वरवरच्या कारणाखाली दडलेलं खरं कारण हाती लागतं, अशी ही विद्या; तिची प्रशिक्षणं होतात, प्रमाणपत्रं वाटतात, निरंजनच्याही खुर्चीमागे तसलं एक फ्रेम करून टांगलेलं होतं. चीनवाल्यांनी पाचही रकाने इमानेइतबारे भरले होते. हेडलाइटच्या काचेवर रेषा का दिसतात? मोल्डच्या, म्हणजे साच्याच्या, पृष्ठभागावर ओरखडे आहेत म्हणून. ओरखडे का? शेवटचं पॉलिश नीट झालं नाही म्हणून. नीट का झालं नाही? कामगाराने कापूस वेळेवर बदलला नाही म्हणून. का बदलला नाही? लक्ष नव्हतं म्हणून. लक्ष का नव्हतं? वय झालं म्हणून. तळाशी तीन सह्यांच्या जागा होत्या. दोन चिनी सह्या झालेल्या होत्या, तिसरी जागा निरंजनची. दुपारी तीन वाजता गाड्या बनवणाऱ्या मोठ्या कंपनीचा माणूस तपासणीला येणार होता आणि तो आल्या आल्या हाच कागद मागणार होता. सही दिसली की प्रकरण बंद आणि काचांचं काम चालू. पहिलं उत्तर सोडलं तर बाकी सगळी खोटी होती आणि हे त्या तिसऱ्या सहीच्या धन्याला पुरतं ठाऊक होतं. ओरखडे त्याने स्वतःच पाडले होते.

निंगबो. मोल्ड तिथल्या कारखान्यात बनत होता; तो तपासायला नऊ दिवस तो त्या शहरात होता, आणि परतल्यापासून कुणीही ‘काय म्हणतंय चायना?’ असं विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं होतं: किळस आली राव. ऐकणाऱ्याला ते भारी आवडायचं. लगेच गाडी साप, बेडूक आणि वटवाघळांवर जायची, आणि निरंजन त्यांना खेकड्याची गोष्ट सांगायचा. गोष्ट खरी होती. पहिल्याच संध्याकाळी तिथल्या कारखान्याच्या मालकाने त्याला जेवायला नेलं. गोल टेबल, मधोमध फिरणारी काच, आणि ती काच फिरत फिरत त्याच्यापुढे येऊन थांबली तेव्हा तिच्यावर कच्चा खेकडा होता. उकडलेला नाही, भाजलेला नाही. मिठाच्या पाण्यात मुरवलेला, चार तुकडे केलेला, आतली नारिंगी गाभोळी थुलथुलत होती. ‘आमच्या शहराची खासियत,’ मोनिका म्हणाली. मोनिका म्हणजे त्या कारखान्याचं परदेशी गिऱ्हाईक सांभाळणारी मुलगी. दुभाषीण, गाइड, सगळं तीच. मोनिका हे तिचं नाव नव्हतं. गिऱ्हाइकाच्या जिभेला कष्ट नकोत म्हणून तिने ते घेतलेलं होतं, इतक्या सहजपणे की निरंजनच्या ते अंगावर आलं. रहाटणीला त्याच्या सोसायटीत एक मोनिका होती, दुसऱ्याच्या पार्किंगमध्ये स्कूटर लावून वर भांडणारी, आणि तिला आपलं नाव बदल म्हणण्याची कुणाची छाती झाली नसती. या मोनिकाचं खरं नाव काय, हे मात्र त्याने नऊ दिवसांत एकदाही विचारलं नाही. खेकडा त्याने खाल्ला. मालक बघत होता म्हणून खाल्ला. थंड, खारट, गिळगिळीत असं काहीतरी जिभेवरून मागे सरकलं, आणि नळी फोडून मटण खाणारा, परभणीकडचा हा गडी, ज्याला आपल्याला कशाचीच किळस नाही अशी घमेंड होती, टेबलाखाली स्वतःची मांडी चिमटीत धरून बसून राहिला.

खेकड्याची गोष्ट सांगून झाली की मागे जे उरायचं ते मात्र तो कुणाला सांगत नसे. त्या शहराची खरी मळमळ त्याला त्याच्या स्वच्छतेने झाली होती. रस्ते आठ पदरी आणि हॉर्नचा आवाज नाही. विजेवरच्या गाड्या मुक्याने अंगाशी येऊन थांबायच्या. तीन नद्या एकत्र येतात तिथे दगडी कठडा होता. त्याने त्यावरून बोट फिरवून पाहिलं, धूळ लागली नाही, तरीही त्याने बोट पँटला पुसलं. हॉटेलच्या अठ्ठाविसाव्या मजल्यावर न्हाणीघराची भिंत काचेची होती. साबण लावताना त्याला स्वतःचं सुटलेलं पोट पलंगापलीकडच्या खिडकीत, खिडकीपलीकडच्या एकसारख्या इमारतींवर तरंगताना दिसायचं. रोज सकाळी तो त्या इमारतींत काहीतरी खोट शोधायचा. पोपडे, गळती, वाकडी पाइपलाइन. कुठलं तरी बांधकाम अर्धवट पडलेलं असेल, कुठे तरी कुणी तरी कुणाला तरी फसवलेलं असेल. असेलच. पण त्याला दिसत नव्हतं. चौथ्या दिवशी एक म्हातारा भर रस्त्यात खाकरून थुंकला, तेव्हा निरंजनला इतकं बरं वाटलं की त्याने योगिनीला, बायकोला, तसा मेसेज केला. तिने उलट विचारलं, ‘तू तिथे थुंकणारे मोजायला गेलायस का?’  माणसांबद्दल तक्रार करायला जागा नव्हती. सगळे हसून बोलायचे, दोन हातांनी कार्ड द्यायचे, त्याचा पेला भरलेला ठेवायचे. आपल्यासारख्याच दोन हातांच्या माणसांनी हे सगळं केलंय आणि आपण केलेलं नाही, हे त्याला सोसत नव्हतं. स्वतःची ही चरफड तो किळस या नावाखाली खपवत होता, हे त्याला तेव्हाही कळत होतं.

घरी परतल्यावर बरं वाटेल, अशी त्याची समजूत होती. विमानतळावरून येताना मोशीच्या अलीकडे कचऱ्याचा वास बंद काचांतून आत शिरला. दुसऱ्या दिवसापासून चाकणच्या चौकातला तो नेहमीचा सव्वा तास, ट्रेलरच्या चाकाशी गाडी लावून, दातांत धूळ कचकचत. एका रविवारी योगिनीच्या हट्टाखातर आळंदीला गेला तर इंद्रायणीवर पांढराशुभ्र फेस तरंगत होता आणि एक बाई तो फेस हाताने बाजूला सारून ओंजळभर पाणी डोळ्यांना लावत होती. त्याला ओकारीच यायची बाकी राहिली. तिथे तिथल्या स्वच्छतेची किळस आणि इथे इथल्या घाणीची, म्हणजे माणसाने राहायचं कुठे? योगिनी अंघोळ करून, देवपूजा उरकून, कपाळाला ओलं कुंकू लावून पोळ्या वाढायला आली की त्या वासाने त्याच्या घशाशी यायचं. कुंकवाला वास असतो, हळदीचा, थोडासा चुन्याचा, हे त्याला आयुष्याची चाळीस वर्षं ठाऊकच नव्हतं. ‘जेवत का नाहीस?’ ती विचारायची. ‘तो खेकडा,’ तो म्हणायचा. ‘दोन महिने झाले त्या खेकड्याला,’ योगिनी एकदा ताट उचलता उचलता म्हणाली. तिने आणखी काही विचारलं असतं तर कदाचित तो बोलला असता. तिने ताट उचललं आणि आत गेली.

कारखाना दादासाहेबांचा. चिखलीचं जुनं घर, वडिलांच्या काळात बारा एकर ऊस आणि स्वतःचं गुऱ्हाळ. पुढे उसावर इमारती उभ्या राहिल्या आणि त्या पैशातून दादासाहेबांनी चाकणला ही शेड टाकली. गुऱ्हाळ गेलं तरी गुऱ्हाळातली एक रीत त्यांनी सोडली नव्हती. हंगामाचा पहिला ऊस घालण्याआधी घरची लक्ष्मी चरकाच्या तोंडात कुंकू लावायची. बाहेर नाही, आत, जिथे ऊस चिरडला जातो तिथेच. तेच त्यांनी मोल्डला लागू केलं. मोल्ड म्हणजे दोन अडीच टनांचा पोलादी साचा. त्याच्या पोटात वितळलेलं प्लॅस्टिक शिरतं आणि पंख्याचं कव्हर किंवा गाडीचा ब्रॅकेट होऊन बाहेर पडतं. नवा मोल्ड आला की पहिल्या शॉटआधी, म्हणजे पहिला नग काढण्याआधी, कुसुमताई, दादासाहेबांच्या पत्नी, त्याच्या पोटात दोन बोटं कुंकू ओढायच्या. साठेक मोल्ड असे पुजले गेले आणि एकाचंही काही वाकडं झालं नाही, कारण ते सगळे खरबरीत अंगाचे होते. हेडलाइटच्या काचेचा हा पहिलाच. काच म्हणायचं, असतं प्लॅस्टिकच. पण आरपार दिसायचं तर मोल्डचं पोट आरशासारखं लागतं, बोट लागलं तरी डाग पडावा असं. निरंजन निघाला त्या दिवशी दादासाहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं आणि भैरोबाच्या देवळातून आणलेली कुंकवाची पुडी पुढे केली. ‘पयला शॉट तिकडंच निघनार, मग कुंकू बी तिकडंच लागाय पायजे. तोंडात लाव. आपले सा वाजायच्या आत. आन् व्हिडिओ पाठव, कुसुमला बघायचाय.’ निरंजन इंजिनिअर होता. त्याने तेव्हाच बोलायला हवं होतं. त्याला दादासाहेबांचा चढलेला पारा डोळ्यांपुढे दिसला आणि ओरखडा दिसला नाही, एवढंच.

आपले सहा म्हणजे तिकडचे साडेआठ. त्या वेळी त्या कारखान्याचे सगळे कामगार अंगणात रांगा करून उभे असायचे. एक माणूस पुढे उभा राहून दिवसाच्या सूचना द्यायचा आणि हे मागून एका आवाजात ओरडायचे. तो ओरडा कानावर घेत निरंजन आत गेला. मोल्ड उघडून ठेवलेला होता, वर दिवा, शेजारी पाटी. पाटीवरची अक्षरं त्याला वाचता येत नव्हती, पण हाताच्या पंजाचं चित्र होतं आणि त्यावर लाल फुली होती, आणि ते कळायला चिनी यावं लागत नाही. पोलादात त्याला स्वतःचा चेहरा दिसला, घरच्या आरशात कधी दिसला नव्हता इतका स्वच्छ, नाकावरची छिद्रं मोजावीत असा. डाव्या हातात मोबाईल धरून उजव्या हाताने त्याने कुंकू ओढलं आणि खिशातल्या रुमालाने पुसलं. वळला तर मागे बुटक्या स्टुलावर ती बाई बसलेली. पांढरे हातमोजे, मांडीवर कापसाचे बोळे, तोंडावर मास्क. ती केव्हापासून तिथे होती कोण जाणे. ती उठून उभी राहिली, किंचित वाकली. निरंजननेही मान हलवली, रुमाल खिशात कोंबला आणि बाहेर आला. आवारात अजून ओरडा चालला होता.

दुपारी पहिली काच निघाली तर तिच्यात केसासारख्या बारीक दोन रेषा होत्या, चंद्रकोरीसारख्या वळलेल्या. माणसं जमली. मालक आला, भिंग आलं, मोल्डच्या पोटात दिवा घालून पाहिलं. मालकाने काहीतरी विचारलं, मोनिकाने ते इंग्रजीत निरंजनला विचारलं, ‘आपलं काय मत?’ निरंजनला चारचौघांत एवढंच म्हणायचं होतं की सकाळी मी हात लावला होता. वाक्य जिभेवर तयारही होतं. त्याने एकच शब्द उच्चारला: पॉलिशिंग. गिऱ्हाइकाचा शब्द, मोनिकाने तो चिनीत सांगितला, आणि तो मालकाकडून मुकादमाकडे आणि मुकादमाकडून त्या बाईकडे गेला. तिने मास्क काढला होता. तिने निरंजनकडे एकदा पाहिलं. राग नाही, विनवणी नाही, काहीच नाही. आणि मग तिने मान खाली घातली. त्या संध्याकाळी टेबलावर पुन्हा काच फिरली, पुन्हा खेकडा आला, मालकाने झाल्या प्रकाराबद्दल उभं राहून माफी मागितली आणि निरंजनने, हो, निरंजनने उदारपणे हात हलवून ती माफी स्वीकारली. अकरा दिवस ते पोट पुन्हा घासलं गेलं, त्यांच्या खर्चाने. इथे महिन्याच्या मीटिंगमध्ये दादासाहेबांनी त्याला सगळ्यांसमोर गुच्छ दिला. ‘आपला मानूस चायनावाल्यापुढं दबला न्हाई,’ ते म्हणाले. टाळ्या पडल्या. गुच्छातल्या निशिगंधाच्या वासाने निरंजनचं डोकं दोन दिवस दुखत होतं.

आणि आता तो मोल्ड समुद्राने येऊन इथल्या मशीनवर चढला होता आणि अकराला पूजा होती. नऊला रिपोर्ट, अकराला पूजा, तीनला सही. निरंजन खाली उतरला तेव्हा शेडमध्ये माणसं गोळा झालेली होती. टूलरूमचा दत्तोबा, तीस वर्षं मोल्ड घासण्यात घालवलेला जुना फिटर, मशीनपाशी उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर नाराजी स्पष्ट होती. कुसुमताई हिरव्या साडीत, हातात तबक. दादासाहेब पांढऱ्या शर्टात. मशीन उघडलं, मोल्डचं पोट दिसलं आणि जमलेली माणसं आपोआप पुढे सरकली. तसलं पोलाद त्यांनी पाहिलं नव्हतं. अख्खी शेड त्यात उतरली होती, वरचे पत्रे, ट्यूबलाइट, कुसुमताईंची साडी.

‘वैनीसाहेब,’ दत्तोबा म्हणाला, ‘जरा भायेरनं लावा. आत नगं.’

‘का रं?’ कुसुमताई म्हणाल्या. ‘साठ लावले आमी आतनं.’

‘ह्ये येगळं हाय. आरसा हाय.’

दादासाहेब हसले. ‘दत्तोबा, तू म्हातारा झालास. चायनात आपल्या निरंजननं आतच लावलं, व्हिडिओ सगळ्यांनी बघितलाय. काय झालं? काय बी न्हाई झालं. लाव गं.’

कुसुमताईंनी दोन बोटं कुंकवात बुडवली. निरंजनला ती बोटं फार जवळून दिसली, नखांच्या कडेला अडकलेली लाल पूड, पुडीतले बारीक चकाकणारे कण. आता गप्प राहिलं तर पाच मिनिटांत दुसरे ओरखडे, आणि बोललं तर.  हा वास, हाच तो वास, दोन महिने घरात त्याच्या मागे लागलेला. खेकड्याचा यात काही संबंध नव्हता.

‘ताई, हात लावू नका!’ तो ओरडला. आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला.

बोटं हवेतच राहिली.

‘काय झालं रे?’ दादासाहेब.

‘आत कुंकू नको. चरे पडतात. कुंकवात रेती असते.’

‘तुला काय म्हाईत?’

‘पडले होते,’ निरंजन म्हणाला. ‘तिकडे. मी लावलं, मी पुसलं, त्याने पडले. पॉलिशवाल्या बाईची चूक नव्हती.’

 मशीनचा पंप तेवढा घरघरत होता. कुसुमताईंनी बोटं आपल्याच पदराला पुसली, हिरव्यावर लाल. दादासाहेबांचा चेहरा आधी रिकामा झाला आणि मग हळूहळू हिशेबी. निरंजन वाट पाहत होता ती त्या दोघांच्या बोलण्याची. बोलला तो दत्तोबा.

‘पुन्यांदा कुनी घासला?’

‘तिनेच.’

‘किती दिस?’

‘अकरा.’

दत्तोबाने मोल्डकडे पाहिलं. वाकून, मान तिरपी करून, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, दुसऱ्याचं काम फिटर जसं बघतो तसं. ‘हिऱ्याची पेस्ट,’ तो स्वतःशीच म्हणाला, ‘आन् कापूस. श्वास दाबून. एका जागी जादा दाबलं की ग्येलं.’ मग तो सरळ झाला. ‘लई झकास केलंय. आन् चुकीत नाव बी तिचंच घातलंस व्हय रं?’ त्याने निरंजनकडे पाहिलं ते रागाने नव्हे, साध्या, जवळजवळ कुतूहलाच्या नजरेने. मेलेली पाल पायाशी सापडावी आणि ती कुठून आली असेल याचा विचार करावा, तसं. निरंजनला वाटलं, हाच चेहरा. नऊ दिवस तो शहराकडे, खेकड्याकडे, काचेच्या भिंतीकडे जो चेहरा करून पाहत होता, तो हा.

पूजा बाहेरून झाली. नारळ जमिनीवर फुटला, पहिला शॉट निघाला, काच आरपार स्वच्छ होती. दादासाहेबांनी त्याला केबिनमध्ये घेतलं, दार लावलं आणि आवाज खाली आणला. ‘हे बघ, झालं ते झालं. आपन मोठ्या कंपनीला लेखी दिलंय, चूक चायनावाल्याची. आता उलटं सांगितलं तर पुढचा मोल्ड आपल्याला द्येतील का? ती बाई तिकडं चिखलीत राहती का, उद्या तिचं तोंड बघायला? सही कर आन् मोकळा हो.’ ते रागावले असते तर निरंजनला सोपं गेलं असतं. ते समजुतीने, बापाच्या मायेने बोलत होते, पाठीवर हात ठेवून, आणि तो हात त्याला ओल्या फडक्यासारखा वाटत होता. ‘बरं,’ निरंजन म्हणाला. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत तो आपल्या टेबलाशी बसला, रिपोर्ट उघडला आणि पहिलं उत्तर ठेवून बाकी चारही खोडली. ओरखडे का? गिऱ्हाइकाच्या माणसाने हात लावला म्हणून. का? त्याच्या मालकाने सांगितलं म्हणून. नाही का म्हटलं नाही? घाबरला म्हणून. नंतर का सांगितलं नाही? तिथे पाचव्या रकान्यात त्याची बोटं अडली. त्याने तो रिकामा ठेवला. कामगाराच्या जागी स्वतःचं नाव लिहिलं, बाईला परत घ्यावं अशी विनंती लिहिली, मोनिकाला पाठवलं आणि एक प्रत दादासाहेबांना. बटण दाबल्यावर हलकं वाटेल असं त्याला वाटलं होतं. वाटलं नाही. मोठ्या कंपनीचा माणूस यायला दीड तास होता, आणि या दीड तासात आपली नोकरी जाईल का, याचाच तो विचार करत होता, तानचा नाही. हेही त्याने मनाशी टिपून ठेवलं.

मोनिकाचं उत्तर पंधरा मिनिटांत आलं, नेहमीप्रमाणे नम्र. मालकांना रिपोर्ट दाखवला. ते म्हणतात, गिऱ्हाइकाने माफी मागण्याची आवश्यकता नाही, जुनाच रिपोर्ट ग्राह्य धरावा. तान तुमचा मोल्ड पूर्ण करून त्याच आठवड्यात गेली. ती दूरच्या प्रांतातली आहे, गावी परत गेली, फोन बंद आहे, शोधता येणार नाही, क्षमस्व. त्याखाली एक ओळ सोडून तिने आणखी लिहिलं होतं, आणि ते कंपनीच्या पत्रासारखं नव्हतं. तुम्ही काय केलं ते मला माहीत होतं, तिने लिहिलं होतं. तुम्ही गेल्यावर तानने सांगितलं. मी चिडून विचारलं, त्या दिवशीच का बोलली नाहीस? ती म्हणाली, तो माणूस देवाचं करत होता. त्यांच्यात एकदा लावून, पुसून, पुन्हा लावायची रीत असावी. देवाचं करणाऱ्या माणसावर आळ कसा घ्यायचा?

निरंजनने ते दोनदा वाचलं. खालून शेडमधून मशीनचा ठेका येत होता, दर चाळीस सेकंदांनी एक काच. एकदा लावून, पुसून, पुन्हा लावायची रीत. दत्तोबाला, दादासाहेबांना, रिकाम्या पाचव्या रकान्याला, कुणालाच त्याने हे सांगितलं नव्हतं. पहिल्या वेळी कॅमेऱ्यापुढे त्याचाच अंगठा आडवा आला होता. व्हिडिओत कुंकू दिसत नव्हतं. म्हणून त्याने ते रुमालाने खसाखसा घासून काढलं, भैरोबाला आणि दादासाहेबांना मिळून एक शिवी हासडली, आणि मोबाईल सरळ धरून पुन्हा लावलं.